आत शिरून पाहायची कला आणि आपली माणसे

‘कला’ म्हटले की आपल्या घरांतून दोन-तीन गोष्टीच डोळ्यांसमोर येतात. भिंतीवरची तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर, चौकातला पुतळा, जयंतीच्या मिरवणुकीतला चित्ररथ. चित्र असो वा पुतळा, तो समोर असतो आणि आपण त्याच्यापुढे उभे असतो. पाहणारा एकीकडे, कलाकृती दुसरीकडे. मध्ये चौकट, काच किंवा कठडा.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगात कलेचा असा एक प्रकार रुजला आहे, की ज्यात ही चौकटच काढून टाकलेली असते. कलावंत एखादी खोली, एखादे गोदाम, कधी तर अख्खी इमारत घेतो. तिच्यात वस्तू मांडतो, प्रकाश आणि अंधार यांची योजना करतो, आवाज सोडतो, प्रसंगी वासही आणतो. पाहणारा माणूस त्यात शिरतो, चालतो, वाकतो, थांबतो. कलाकृती त्याच्या समोर राहत नाही. ती त्याच्या चारी बाजूंना असते आणि तो तिच्या पोटात असतो. इंग्रजीतला ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द या प्रकारासाठी सगळीकडे वापरतात. मराठीत ‘मांडणशिल्प’ असा चांगला शब्द रूढ झाला आहे. आम्ही येथे तोच वापरणार आहोत.

यावर कोणी म्हणेल, वस्तीत नळाला पाणी नाही, पदवी घेतलेल्या पोराला काम नाही, आणि तुम्ही खोलीभर मांडलेल्या वस्तूंचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आज देशोदेशीच्या मोठमोठ्या दालनांत ज्या वस्तू मांडल्या जात आहेत, त्यांत मडके आहे, झाडू आहे, शेण आहे, पाण्याचा पेला आहे. या वस्तू आपल्या आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातच्या आहेत. त्या बर्लिनला पोहोचल्या, पण त्यांचा अर्थ आपल्या विहारापर्यंत पोहोचला नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्ल्याचा सुतार आणि दीक्षाभूमीचा घुमट

आत शिरून अनुभवायची कला परदेशातून आली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातील डोंगरांत ती दोन हजार वर्षांपासून उभी आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्यांनी पाऊल ठेवले असेल, त्यांना हे सांगावे लागणार नाही. दारातून आत गेल्यावर सुमारे सव्वाशे फूट लांबीचे दालन लागते. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर दगडी छताला लावलेल्या जुन्या लाकडी कमानी आणि शेवटी स्तूप. दर्शनी भागातल्या मोठ्या गवाक्षातून येणारा उजेड आत जाता जाता मंद होत जातो. माणूस आपोआप हळू चालू लागतो, आवाज आपोआप खाली येतो. ‘शांत राहा’ अशी पाटी तेथे लावावी लागत नाही. जागाच माणसाला शांत करते. मांडणशिल्पाचे सगळे मर्म याच गोष्टीत आहे.

अजिंठ्याचेही तसेच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पुढे दोन कालखंडांत खोदलेल्या त्या सुमारे तीस लेण्यांत चित्रे एखाद्या भिंतीवर टांगलेली नाहीत. भिंत, खांब, छत, सगळीकडे चित्र आहे. सव्विसाव्या लेण्यात तथागतांच्या महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. ती एका जागी उभे राहून पुरती दिसत नाही. तिच्या कडेकडेने चालावे लागते आणि चालता चालता भगवंतांच्या पायाशी शोक करणारी माणसे दिसू लागतात. त्या माणसांच्या रांगेत आपणही उभे आहोत, असे वाटू लागते.

आणि ही लेणी कोणाच्या दानातून झाली? केवळ राजांच्या आणि श्रेष्ठींच्या नव्हे. कार्ल्याचे दार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केल्याचा शिलालेख आहे. कोकणातल्या कुडा लेण्यांत माळ्याच्या आणि लोखंडाचा व्यापार करणाऱ्याच्या दानाची नोंद आहे. कष्टकरी माणसांनी आपल्या कमाईतून एक जागा उभी केली, त्या जागेवर आपले नाव कोरले आणि त्या जागेने पुढच्या पिढ्यांना आत बोलावले. हा आपला वारसा आहे.

नागपूरकरांना तर इतके लांब जायचीही गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, त्या दीक्षाभूमीवरचा स्तूप पाहा. वास्तुविशारद शिवदान मल यांनी त्याचा आराखडा केला. १९७८ साली काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आकार सांचीच्या स्तूपावरून घेतला आहे, पण एक मोठा फरक आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालता येते, आत जाता येत नाही. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. सुमारे १२० फूट व्यासाच्या त्या घुमटाखाली माणसे आत जातात. ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे त्या घुमटाच्या मध्यभागी उभी राहतात. आत जाता येणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? ज्याला कधी अडवले गेले नाही, त्याला दार ही साधी गोष्ट वाटते. आपल्याला ती कधीच साधी वाटली नाही.

परदेशात काय घडले?

पाश्चात्त्य देशांत चित्र चौकटीबाहेर पडले ते प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत अ‍ॅलन कॅप्रो या कलावंताने १९६१ साली न्यूयॉर्कमधल्या एका कलादालनाचे अंगण मोटारींच्या जुन्या टायरांनी भरून टाकले. लोकांनी त्या टायरांवर चढावे, ते इकडचे तिकडे टाकावेत, अशी त्याची अपेक्षा होती. कलादालनात ‘हात लावू नये’ ही पाटी असते. येथे हात आणि पाय दोन्ही लावायचे होते. विकायला चित्र नाही, घरी न्यायला मूर्ती नाही. काही दिवसांनी टायर उचलले, की संपले. उरतो तो फक्त आत जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव.

पुढे या प्रकाराने मोठे रूप घेतले. लंडनमध्ये एका बंद पडलेल्या वीजघराचे ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय झाले. त्याच्या प्रचंड यंत्रदालनात २००३ साली ओलाफुर एलियासन या कलावंताने पिवळ्या दिव्यांचा एक मोठा सूर्य उभा केला आणि छताला आरसे लावले. थंडीच्या दिवसांत लोक तेथे येऊन चक्क जमिनीवर पडून राहत आणि वर आरशात स्वतःला शोधत.

त्याच दालनात २००७ साली कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या बाईंनी काहीच उभे केले नाही. त्यांनी जमिनीला एक भेग पाडली. दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे १६७ मीटर लांब. सुरुवातीला केसासारखी बारीक, पुढे रुंद होत जाणारी. वंशभेदाने आणि परकेपणाने समाजात जी फट पडते, तिच्याबद्दल हे काम होते. पाहायला आलेल्या प्रत्येकाला ती भेग ओलांडावी लागे. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली, पण फरशीवरचा व्रण तसाच राहिला. गावकुसाच्या आत आणि बाहेर अशी भेग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्या आपल्या लोकांना हे काम समजावून सांगायला कोणी विद्वान लागणार नाही.

या साऱ्याचा आजच्या कलेवर जो परिणाम झाला तो थोडक्यात असा. पाहणारा हा नुसता पाहणारा राहिला नाही, तो कृतीचा भाग झाला. संगमरवर, पितळ आणि तैलरंग यांची मक्तेदारी गेली. तरट, माती, भंगार, जुने कपडे यांतूनही गंभीर कला होऊ लागली. आफ्रिकेतल्या घाना देशाचे इब्राहिम महामा तर मालवाहतुकीची जुनी तरटे शिवून मोठमोठ्या इमारती झाकतात. ज्या तरटांवर हमालांचा घाम सांडला, ती तरटे पाहायला शहर थांबते. संग्रहालये आणि स्मारके यांचीही रीत बदलली. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे, जेथे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेथे १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारक खुले झाले. त्याची इमारतच उघडलेल्या ग्रंथाच्या आकाराची आहे. वाचायचा ग्रंथ तेथे आत शिरायची वास्तू झाला आहे.

आपल्या देशात या प्रकाराला जोर आला तो १९९० नंतर. मुंबईच्या दंगलीत मरून रस्त्यावर पडलेल्या एका अनोळखी माणसाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले होते. ते घेऊन विवान सुंदरम यांनी १९९३ साली ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प केले. ज्याला कोणी ओळखले नाही, त्याच्यासाठी स्मारक. डिसेंबर २०१२ मध्ये केरळात कोची येथे दर दोन वर्षांचे मोठे कलाप्रदर्शन सुरू झाले आणि जुन्या वखारी मांडणशिल्पांनी भरून गेल्या.

उतरंड, झाडू आणि एकशे आठ पेले

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ.

नागपुरात जन्मलेले चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असलेला अस्पृश्य माणूस चित्रांत आणि मुद्राचित्रांत पुन्हा पुन्हा आणला. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके आणि पावलांचे ठसे पुसावेत म्हणून झाडू, हा पेशवाईतला छळ आपण ऐकून होतो. सावरकरांनी तो कलादालनाच्या भिंतीवर आणून ठेवला. त्यांच्यानंतरच्या पिढीने एक पाऊल पुढे टाकले. मडक्याचे चित्र काढण्याऐवजी तिने मडकेच मांडले.

प्रभाकर कांबळे यांच्या मांडणशिल्पाचे नाव ‘उतरंड’. आपल्या मायमाउल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली मडकी; खालचे सर्वांत मोठे, वरचे सर्वांत लहान. खालच्यावर सगळ्यांचा भार, आणि खालचे काढायचे झाले तर सगळी उतरंड कोसळणार. जातिव्यवस्थेसाठी मराठीत हा शब्द आपण सहज वापरतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके नेमके चित्र दुसरे कोणते? कांबळे यांनी हाच शब्द खराखुरा उभा केला आणि २०२२ साली जर्मनीत बर्लिनच्या प्रदर्शनात तो जगापुढे ठेवला. त्याच प्रदर्शनात गोव्याच्या मयूरी चारी यांचे काम होते. त्यांनी शेणातून स्त्रीदेहाचे आकार घडवून मांडले. ज्या शेणाने बाई आयुष्यभर अंगण सारवते, गोवऱ्या थापते, त्या शेणाला पवित्र म्हणायचे आणि त्या बाईला मात्र महिन्यातले चार दिवस अपवित्र ठरवायचे, ही कोणती रीत? ते काम पाहून हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्याच वर्षी जर्मनीतल्याच कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’ हे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले. ते १९५५ सालापासून भरत आले आहे. तेथे मुंबईच्या अमोल पाटील यांचे काम होते. त्यांचे आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटके लिहिणारे. चाळीतले जीवन, सफाई कामगारांचे कष्ट, त्यांची गाणी आणि त्यांच्या अंगाला चिकटलेली धूळ हा त्यांच्या कामाचा विषय. रोज पहाटे शहर झाडणारा माणूस शहराला दिसत नाही. त्याला पाहायला जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक रांग लावतात, हा काळाचा न्याय म्हणायचा की काळाची थट्टा?

पण आमच्या मनावर सर्वांत खोल ठसा आहे तो पुण्याच्या राज्यश्री गुडी यांच्या एका कामाचा. त्याचे नाव ‘पाण्याची जात कोणती?’ असे आहे. त्यासाठी थोडा इतिहास आठवावा लागेल. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी ते ‘शुद्ध’ करून घेतले. कसे? दूध, दही, शेण, गोमूत्र असे पंचगव्य घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात रिकाम्या करून. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते आणि शेणामुताने ते शुद्ध होते, असा तो न्याय.

राज्यश्री गुडी यांनी काय केले? १०८ पेले घेतले आणि त्यांत पंचगव्य ठेवून ते मांडले. बस्स. भाषण नाही, घोषणा नाही, रडारड नाही. पेला ही पिण्याची वस्तू आहे. तो पाहिला की हात आपोआप पुढे होतो. येथे पेल्यात काय आहे हे कळल्यावर हात मागे येतो. त्या हात मागे घेण्याच्या एका क्षणात महाडचा सगळा इतिहास पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. पुस्तकात ‘१०८ घागरी’ हा आकडा आपण वाचतो आणि पान उलटतो. एकापुढे एक १०८ पेले मांडलेले पाहणे ही वेगळी गोष्ट आहे. आकडा डोळ्यांना दिसू लागतो. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्या माणसाला आकड्याची ही ताकद विशेष जाणवते.

दोन धोके

या कलेचे गुणगान करून थांबणे बरे नव्हे. तिच्या वाटेत दोन खड्डे आहेत.

पहिला बाजाराचा. आत शिरण्याच्या अनुभवाला मागणी आहे हे व्यापाऱ्यांनी ओळखले. प्रोजेक्टर लावून चारी भिंतींवर नामवंत चित्रकाराची चित्रे हलवायची आणि शेकडो रुपयांचे तिकीट लावायचे, असे खेळ जगभर झाले. व्हॅन गॉगच्या चित्रांचा असा खेळ जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतही आला होता. व्हॅन गॉग हा हयातीत दारिद्र्यात राहिलेला माणूस. खाणकामगार, विणकर आणि बटाटे खाऊन जगणारे शेतकरी यांची चित्रे काढणारा. त्याच्या नावाच्या खोलीत लोक मोबाइलवर स्वतःचे फोटो काढून बाहेर पडतात. फोटो काढण्यात पाप नाही. पण जेथे प्रत्येक जण स्वतःलाच पाहून येतो, तेथे दुसऱ्याचे दुःख कोणाला दिसणार?

दुसरा धोका अधिक खोल आहे. आपल्या वेदनेचा देखावा होण्याचा. झाडू दालनात गेला आणि झाडणारी माणसे मात्र दालनाच्या मागच्या दाराने फरशी पुसायला येत राहिली, तर काय मिळवले? हा प्रश्न कलावंतांना विचारलाच पाहिजे, आणि त्यांतले प्रामाणिक कलावंत तो स्वतःला विचारत असतातही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आपल्याला आहे. आपली वस्तू कोणीतरी मांडावी, कोणीतरी तिचा अर्थ सांगावा आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, एवढेच आपले काम आहे काय? आमच्या मते नाही. ज्याची वस्तू, त्यानेच ती मांडली पाहिजे.

मिहानच्या वेशीवर

हे सगळे आम्ही आजच का लिहितो आहोत, त्याचे कारण वर्धा रोडवर आहे.

नागपूरच्या दक्षिणेला, बाबासाहेबांचे नाव असलेल्या विमानतळाला लागून मिहान प्रकल्प पसरला आहे. त्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी तेथील लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, विमानदुरुस्तीचे कारखाने आहेत, एम्स आहे, आयआयएमचे आवार आहे. मेट्रो खापरीपर्यंत धावते. आपल्या समाजाची मुले-मुली तेथे कामाला जातात. कोणी इंजिनिअर म्हणून, कोणी परिचारिका म्हणून. आणि फार मोठ्या संख्येने सुरक्षा रक्षक, साफसफाई, उपाहारगृह, बागकाम अशा ठेक्याच्या कामांवर.

विकासाला आमचा विरोध नाही. बाबासाहेबांनीच आपल्याला खेडे सोडून शहराकडे, शिक्षणाकडे आणि उद्योगाकडे जायला सांगितले. खेड्याच्या जुन्या व्यवस्थेसाठी गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण एक हिशेब राहून गेला आहे.

जमीन गेली तेव्हा ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याची कागदोपत्री नोंद झाली. जो त्या जमिनीवर फक्त राबत होता, त्याची नोंद कोठे आहे? जिने पन्नास वर्षे दुसऱ्याच्या शेतात निंदण केले, कापूस वेचला, तिच्या नावाचा एकही कागद नाही. तिने त्या मातीत आयुष्य घातले याचा एकमेव पुरावा म्हणजे तिचा विळा, तिचे खुरपे, तिचे टोपले. आणि ते विळे-खुरपे आज कोठे आहेत? नव्या घरात जागा नाही म्हणून भंगारवाल्याच्या गाडीवर, किलोच्या भावाने.

ही गोष्ट केवळ मिहानची नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने नागपुरात आपल्या हजारो माणसांना पोटाला लावले. त्या मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. मिलमधले बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, जेवणाचे डबे किती घरांत उरले असतील? ‘जयभीम’ हा अभिवादनाचा शब्द आपल्याला देणारे कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केले. त्या विडीवाल्या बायांची सुपे आणि पाने कापायच्या कात्र्या किती घरांत शिल्लक आहेत? ज्या समाजाला लिहू दिले गेले नाही, त्याचा इतिहास वस्तूंत असतो. वस्तू गेली की तो इतिहास गेला.

हे ओळखणारा एक माणूस नागपुरात होऊन गेला. १९५६ च्या दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात पुढे असलेले वामनराव गोडबोले. त्यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू मिळवून जपल्या. नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आदी वस्तू आहेत, त्या त्यांच्या दूरदृष्टीमुळे. कोट पाहताना माणसाला त्या कोटातला देह जाणवतो. मोठ्या माणसाच्या वस्तूची ही शक्ती आहे. सामान्य माणसाच्या वस्तूतही ती असते, फक्त तिला जागा द्यावी लागते.

एक खोली मांडू या

म्हणून आमची सूचना अशी आहे. मिहान परिसरातल्या वस्त्यांनी, आणि ज्यांना पटेल त्या सर्व विहारांनी, येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा जयंतीला आठ दिवसांसाठी एक खोली मांडावी. जयंतीचा देखावा आपण करतोच. तो दोरीच्या बाहेरून पाहायचा असतो. ही खोली आत शिरून पाहायची असावी.

खर्च फारसा नाही. विहाराची बाजूची खोली किंवा समाजमंदिर पुरेल. प्रत्येक घराने एक वस्तू द्यावी. विकत आणलेली नको, वापरलेली हवी. जाते, पाटा-वरवंटा, घमेले, विळा, कंदील, मिलचा बिल्ला, पहिली शाळेची पाटी. वस्तू घेताना वहीत रीतसर नोंद करावी: अनुक्रमांक, वस्तू, देणाऱ्याचे नाव, ती कोणी वापरली, कोणत्या कामासाठी, किती वर्षे. देणाऱ्याला पावती द्यावी आणि परत करताना सही घ्यावी. वस्तू हरवली तर पुढच्या वर्षी कोणी देणार नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. आणि ती वही प्रदर्शन संपल्यावर फेकू नये. आठ दिवसांनी वस्तू घरोघरी जातील; वही हाच आपल्या वस्तीचा शिलालेख ठरेल.

आवाजही हवा. जात्यावर बसून भीमाच्या ओव्या गाणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून जात्याशेजारी हळू लावून ठेवावा. मांडणीचे काम वस्तीतल्या मुलांकडे द्यावे. कलेचे शिक्षण घेणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना पुढे करावे. दारातून शिरताना वाट अरुंद आणि अंधारी ठेवता येईल, पुढे ती रुंद आणि उजेडाची करता येईल. आजीच्या विळ्याशेजारी नातीचे कंपनीतले ओळखपत्र ठेवता येईल. सफाईचे काम करणाऱ्या ताईंचे ओळखपत्रही त्याच रांगेत, त्याच उंचीवर ठेवावे. उतरंड रचू नये.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. वस्तूंना हार घालू नयेत, अगरबत्ती लावू नये. त्या देव नाहीत, साक्षीदार आहेत; आणि साक्षीदाराची पूजा करायची नसते, त्याचे ऐकायचे असते. दुसरे, कोणाची कीव यावी अशी मांडणी करू नये. ज्यांनी हे कष्ट उपसले त्यांनीच बाबासाहेबांच्या हाकेसरशी पांढरी वस्त्रे नेसून, मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी चालत १९५६ साली नागपूर गाठले होते. ती माणसे बिचारी नव्हती.

शेवटी आपल्या मुलांना एक काम सांगू या. शाळेच्या सहलीला ती कार्ल्याला, अजिंठ्याला जातील. आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीवर जातील. तेथे फोटो काढण्याआधी पाच मिनिटे नुसते उभे राहावे. वर पाहावे, कान द्यावा, ही जागा आपल्याला काय करते आहे ते पाहावे. कार्ल्याच्या सुताराने आपले नाव दगडावर ठेवले म्हणून ते दोन हजार वर्षांनी आपल्याला कळले. मिहानच्या मातीत राबलेल्या आपल्या आयाबहिणींची नावे ठेवायला दगड नसेल, पण एक खोली आणि एक वही नक्कीच आहे. ते काम भंगारवाल्याची गाडी दारात येण्याआधी झाले पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!